आवाज येईपर्यंतची भाषा

चार वर्षांची मुलगी सतरंजीवर मांडी घालून बसलेली. हातातला लाकडी ठोकळा तिनं कानाशी धरलाय. आई तिच्या शेजारी, जराशी मागे. आई तोंडापुढे हात आडवा धरते, म्हणजे ओठ दिसू नयेत, आणि म्हणते, "म्म्म." ठोकळा टोपलीत पडतो. मग "आ". ठोकळा टोपलीत. मग "ऊ", "ई", "श". शेवटी "स". या वेळी ठोकळा कानाशीच राहतो. आई पुन्हा म्हणते, "स्स्स". मुलगी वाट पाहत बसलेली. थेरपिस्ट वहीत टिपून घेते. पुढच्या मॅपिंगला, म्हणजे मशीन मुलीच्या कानाला जुळवून घेताना, ते सांगायचं असतं.

कॉक्लियर इम्प्लांट केलेल्या मुलांच्या थेरपीची कुठलीही खोली साधारण अशीच दिसते. हे सहा ध्वनी डॅनियल लिंग या तज्ज्ञानं निवडले. बोलण्यातल्या खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचा सगळा पल्ला त्यांत येतो. म्हणून रोज मशीन लावलं की घरीही ते म्हणून पाहायचे असतात. डॉक्टर या खोलीतून ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, घेऊन बाहेर पडतो. मानववंशशास्त्राचा संशोधक मात्र आईच्या त्या आडव्या हातापाशी थांबतो. ओठ झाकायला तिला कुणी सांगितलं, कशासाठी, आणि घरातल्या स्वयंपाकाचं, दुसऱ्या मुलाचं, तिच्या नोकरीचं काय झालं, हे त्याचे प्रश्न असतात. गेल्या चाळीसेक वर्षांत असे प्रश्न विचारणारे बरेच प्रबंध आणि त्यांतून घडलेली पुस्तकं आली. ती एकत्र वाचली की बहिरेपणाकडे बघायची आपली नजर बदलते. या लेखात त्यांचाच आढावा घ्यायचा आहे.

यंत्र काय करतं

आधी यंत्राबद्दल. आपल्या आतल्या कानात शंखाच्या आकाराचा एक भाग असतो, त्याला कॉक्लिया म्हणतात. त्यातल्या हजारो सूक्ष्म पेशी आवाजाची कंपनं टिपून श्रवण-नसेला देतात. बहुतेक जन्मजात बहिरेपणात याच पेशी निकामी असतात. साधं श्रवणयंत्र आवाज मोठा करतं. पण टिपणारंच कुणी नसेल तर मोठा आवाजही वायाच जातो. इम्प्लांट या पेशींना वळसा घालून थेट नसेला विजेचे बारीक झटके देतं. कानामागे बाहेरून लावायचा प्रोसेसर, केसांत लोहचुंबकानं चिकटणारी चकती, कातडीखाली बसवलेला रिसीव्हर आणि शंखात सरकवलेली इलेक्ट्रोडांची तार, असे त्याचे भाग. इलेक्ट्रोड असतात साधारण 12 ते 22. हजारो पेशींचं काम तेवढ्यांवर भागवायचं, म्हणून शांत खोलीतलं बोलणं बऱ्यापैकी पोहोचतं, पण लग्नाच्या मांडवातलं किंवा वर्गातल्या गोंगाटातलं बोलणं निसटतं. स्वरांची चढउतार नीट पोहोचत नाही. संगीत त्यामुळे फिकं पडतं आणि चिनीसारख्या स्वरप्रधान भाषा अवघड जातात. माध्यमांची इतिहासकार मारा मिल्स हिनं यावर नेमकं बोट ठेवलं. यंत्रात कुठला आवाज आधी बसवायचा हे ठरवतानाच कुणाचं ऐकणं महत्त्वाचं, हेही ठरत गेलेलं असतं.

1957 मध्ये पॅरिसमध्ये जूर्नो आणि एरिएस यांनी श्रवण-नसेला पहिल्यांदा वीज दिली. 1961 मध्ये लॉस एंजेलिसच्या विल्यम हाउस यांनी रुग्णांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. मेलबर्नचे ग्रेम क्लार्कही अशाच इम्प्लांटवर काम करत होते. त्यांचे वडील औषधविक्रेते होते आणि त्यांना कमी ऐकू येई. नाजूक तार शंखाच्या वळणांतून न मोडता आत कशी सरकवावी, हे क्लार्कना उमगत नव्हतं. 1977 मध्ये समुद्रकिनारी सुट्टीवर असताना त्यांनी किनाऱ्यावरच्या एका शंखात गवताची पाती सरकवून पाहिली. बुडाशी ताठ आणि टोकाशी लवचिक असलेलं पातं बरोबर आत गेलं. पुढच्याच वर्षी त्यांनी अनेक इलेक्ट्रोडांचं इम्प्लांट माणसाला बसवलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 1984 मध्ये प्रौढांसाठी, तर 1990 मध्ये दोन वर्षांपुढच्या मुलांसाठी इम्प्लांटला मान्यता दिली. वाद पेटला तो मुलांच्या मान्यतेवरून.

विरोध कशाला होता

1991 मध्ये अमेरिकेतल्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेनं लहान मुलांवरच्या इम्प्लांटला उघड विरोध केला. फ्रान्समध्ये 'संतप्त बधिर' अशा अर्थाच्या नावाचा गट रस्त्यावर उतरला. ऐकू येणाऱ्या समाजाला हे कोडंच वाटलं. ऐकू यायला लागणार असेल तर कोण कशाला नाही म्हणेल?

याचं उत्तर शंभर वर्षं मागे जाऊन शोधावं लागतं. 1880 मध्ये मिलान शहरात बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. तिथं जवळपास सगळे ऐकू येणारेच होते. शाळांत तोंडी भाषाच शिकवावी, खुणा बंद कराव्यात, असा ठराव त्यांनी केला. त्याच दशकात मुंबईत बिशप लिओ म्यूरिन यांनी बधिर मुलांची शाळा काढली, म्हणजे आपल्याकडचं हे शिक्षण सुरू झालं तेच मिलानच्या सावलीत. पुढे पिढ्यानपिढ्या मुलांच्या हातांवर छड्या बसल्या. ओठ वाचायला शिकवलं. पण "पार", "बार" आणि "मार" हे तीन शब्द आरशासमोर नुसते ओठ हलवून म्हणून पाहा. तिन्ही सारखेच दिसतात. मुलं अंदाजानं जगायला शिकली आणि अंदाज चुकला की मंद ठरली. मिलानच्या त्या ठरावाबद्दल त्याच परंपरेतल्या परिषदेनं खेद व्यक्त केला 2010 मध्ये, व्हँकुव्हरला.

1960 मध्ये भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोकी यांनी दाखवून दिलं की अमेरिकन सांकेतिक भाषेला स्वतःची रचना आहे, ती इंग्रजीचे हातवारे नव्हेत. 1972 मध्ये भाषाशास्त्रज्ञ जेम्स वुडवर्ड यांनी कानाचं बहिरेपण आणि समाज म्हणून असलेलं बधिरपण यांत फरक करायला सुचवलं. इंग्रजीत हा फरक लहान आणि मोठ्या अक्षरानं दाखवतात. देवनागरीत मोठं अक्षर नाही. आपण "बहिरा", "मूकबधिर", "कर्णबधिर" हे शब्द हाताशी येईल तसे वापरतो. त्यांतल्या "मूक" या शब्दानं तर मोठा अन्याय केला आहे. कारण ज्याला मुका म्हटलं तो हातांनी घडाघडा बोलत असतो, आपल्यालाच ते वाचता येत नाही.

म्हणजे बधिर संघटनांचा विरोध यंत्राला जेवढा होता, त्याहून जास्त होता यंत्राबरोबर परत येऊ पाहणाऱ्या मिलानला. 2000 मध्ये त्याच अमेरिकी संघटनेनं भूमिका मवाळ केली. इम्प्लांट हा एक पर्याय म्हणून मान्य, पण मुलाच्या हाताशी सांकेतिक भाषाही असली पाहिजे, असं तिचं म्हणणं झालं.

गावात राहून पाहिलेलं

या वादाला खोली दिली ती क्षेत्रकार्यानं. क्षेत्रकार्य म्हणजे महिनोन्‌महिने माणसांत राहून पाहणं, ऐकणं, लिहून काढणं. नोरा ग्रोस हिचं पुस्तक 1985 मध्ये आलं. ते घडलं तिच्या ब्राउन विद्यापीठातल्या पीएचडीच्या कामातून. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड नावाचं बेट आहे. इंग्लंडच्या केंट परगण्यातून आलेल्या काही कुटुंबांबरोबर तिथं आनुवंशिक बहिरेपण आलं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत साधारण पावणेसहा हजारांत एक जण बधिर होता. या बेटावर 155 मध्ये एक, आणि चिलमार्क गावात तर 25 मध्ये एक.

तिथं झालं असं की सगळं गावच खुणा शिकलं. ऐकू येणारे कोळी एका होडीतून दुसऱ्या होडीशी हातांनी बोलत. म्हाताऱ्या माणसांना ग्रोस जुन्या गावकऱ्यांबद्दल विचारी, तेव्हा अमका मासेमारीत तरबेज होता हे आधी आठवे, तो बधिर होता याची आठवण करून द्यावी लागे. कानाची स्थिती तीच होती, पण तिचा अडसर झाला नव्हता. पुढच्या प्रत्येक अभ्यासाला हा दाखला पायाभूत ठरला.

त्यात स्वप्नरंजनाचा धोका आहे, हेही मानववंशशास्त्रानंच दाखवलं. आनेलीस कुस्टर्स ही स्वतः बधिर असलेली संशोधिका ब्रिस्टल विद्यापीठाच्या पीएचडीसाठी घानातल्या अदामोरोबे गावात राहिली. साडेतीन हजारांच्या वस्तीत चाळीसेक बधिर माणसं आणि गावाची स्वतःची सांकेतिक भाषा. खुणा सगळ्यांना येत होत्या, तरी बधिरांनी बधिरांशी लग्न करायचं नाही, असा नियम गावच्या प्रमुखानं 1975 मध्ये केलेला होता. भाषा असली म्हणजे बरोबरीची वागणूक आपोआप मिळत नाही, हा अदामोरोबेचा धडा मार्थाज व्हिनयार्डच्या शेजारी ठेवून वाचायला हवा.

याच कुस्टर्सनं मुंबईतही काम केलं, आणि मुंबईकरांनी तिचं हे काम जरूर वाचावं. लोकलचा अपंगांचा डबा घ्या. आपल्याला ती एक सवलत वाटते. तिला तिथं एक चावडी दिसली. वेगवेगळ्या शाळांतली, कारखान्यांतली, कचेऱ्यांतली बधिर माणसं ठरवून अमुक गाडीला, अमुक स्टेशनावर चढतात. गाडीच्या खडखडाटात ऐकू येणाऱ्यांची बोलणी बुडतात, हातांची बुडत नाहीत; खिडकीतून फलाटावरच्या माणसाशीही गप्पा चालू राहतात. गप्पा संपेनात म्हणून आपलं स्टेशन सोडून पुढे जाणारेही भेटतात. नव्या मुलांना भाषा इथंच मिळते, नोकऱ्यांच्या बातम्याही इथंच कळतात. नंतर 'इशारे' या 2015 च्या माहितीपटात तिनं बाजारपेठेतला व्यवहार टिपला. मुंबईचा भाजीवाला आणि बधिर गिऱ्हाईक भाव, वजन, ताजं-शिळं हे सगळं हातांनी उरकतात. ज्या शहरात दहा भाषा एकमेकींना धक्के देत चालतात, तिथं हातवारे सगळ्यांचेच आहेत. पण ओळखीच्या हातवाऱ्यांवर खरेदी होते. मनातलं बोलायला पूर्ण भाषा लागते, हेही त्यातली माणसं स्पष्टपणे सांगतात.

दवाखान्यात बसून पाहिलेलं

दुसरा प्रवाह थेट इम्प्लांटच्या दवाखान्यात शिरला. स्टुअर्ट ब्लूम हे अॅमस्टरडॅमचे विज्ञान-अभ्यासक आणि बधिर मुलांचे वडील. यंत्र बाजारात कसं आलं, देशोदेशी धोरण कसं ठरलं आणि त्यात बधिर माणसांचं म्हणणं कसं बाजूला पडलं, याची कहाणी त्यांनी 2010 च्या पुस्तकात मांडली. लॉरा मॉल्डिन ही समाजशास्त्राची संशोधिका आणि सांकेतिक भाषेची दुभाषीही. न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठातल्या पीएचडीच्या संशोधनावर उभं असलेलं तिचं पुस्तक 2016 मध्ये आलं. जन्मानंतरच्या तपासणीपासून शस्त्रक्रियेपर्यंत आणि पुढच्या थेरपीपर्यंत ती कुटुंबांबरोबर राहिली. तिची दोन निरीक्षणं मला फार मोलाची वाटतात.

पहिलं, हा सगळा उपचार आईच्या श्रमावर उभा असतो. शस्त्रक्रिया काही तासांची, त्यानंतर आईचं प्रत्येक वाक्य धडा होतं. भांडी घासताना "ताट", "वाटी", "पाणी" हे सारखं म्हणत राहायचं, मूल मशीन काढून फेकणार नाही यावर डोळा ठेवायचा. मूल बोललं तर श्रेय यंत्राला, नाही बोललं तर बोट आईकडे. दुसरं, बहिरेपण आता कानातून मेंदूत सरकलं आहे. "मेंदूच्या वाढीची खिडकी बंद व्हायच्या आत" ही भाषा पालकांच्या कानावर सतत पडते. ती खोटी नाही. पण भाषेला मेंदूत जागा मिळवून द्यायची तर ती कानातूनच यावी, अशी मेंदूची अट नाही. डोळ्यांतूनही ती येते. भाषेच्या अभ्यासक रेचेल मेबेरी यांच्या अभ्यासांतून दिसलं आहे की लहानपणी कुठलीही पहिली भाषा, बोलीची असो वा खुणांची, पक्की मिळालेल्या माणसाला दुसरी भाषा पुढे बरी जमते. जिला पहिली भाषाच उशिरा मिळाली ती व्यक्ती आयुष्यभर मागे राहते. इतका उपयोगाचा निष्कर्ष दवाखान्यातल्या पालकांना क्वचितच सांगितला जातो.

आपल्या देशातलं काम

भारताबद्दल सर्वांत सखोल काम मिशेल फ्रीडनर हिचं आहे. ती शिकागो विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकवते, स्वतः बधिर आहे आणि इम्प्लांट वापरते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या पीएचडीसाठी ती बंगळूरच्या बधिर तरुणांत राहिली. त्यातून 2015 मध्ये पहिलं पुस्तक आलं. शाळेनं न शिकवलेलं एकमेकांना समजावून सांगणारे, नोकरीची खबर लगेच पोहोचवणारे मित्र तिथं भेटतात. 2022 च्या दुसऱ्या पुस्तकात ती इम्प्लांटकडे वळली.

भारत सरकारनं 2014 मध्ये अपंगांना साधनं पुरवणाऱ्या आपल्या एडिप योजनेत कॉक्लियर इम्प्लांटचा समावेश केला. वर्षाला 500 मुलं आणि एका इम्प्लांटमागे 6 लाख रुपयांपर्यंत खर्च, अशी सुरुवातीची मर्यादा होती. योजनेचा कारभार मुंबईत, वांद्रे रेक्लमेशनच्या, वाणी आणि श्रवणासाठीच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे आला. केरळसारख्या राज्यांनी आधीच स्वतःच्या योजना काढल्या होत्या. लाखो रुपयांचं यंत्र गरिबाच्या मुलाला फुकट मिळणं ही मोठी गोष्ट आहे, तिचं मोल कमी लेखू नये. ज्या मुलांना वेळेत यंत्र, चांगली थेरपी आणि सवड असलेलं घर मिळालं त्यांतली कित्येक आज बोलतात, फोनवर गप्पा मारतात.

फ्रीडनरनं पाहिलं ते त्यानंतरचं. यंत्र एकदा बसवून विसरायचं नसतं. बॅटरी संपते. केबल तुटते. चकती हरवते. घामानं आणि पावसाळी दमटपणानं प्रोसेसर बिघडतो. हमीचा काळ संपला की हा खर्च घरच्यांवर येतो, आणि रोजंदारीवर जगणाऱ्या घराला एका केबलचे पैसेही जड जातात. कंपन्या नवं मॉडेल काढतात, जुन्याचे भाग मिळेनासे होतात. मग प्रोसेसर कपाटात जातो आणि कातडीखालचा अर्धा भाग मुलाच्या डोक्यात मुका राहतो. त्या मुलाला आवाज नाही, आणि "खुणा केल्यास तर बोलायला शिकणार नाही" असं सांगितल्यामुळे हातांची भाषाही नाही.

तिच्या पुस्तकाचं मुख्य म्हणणं इंद्रियांबद्दल आहे. माणूस एरवी सगळ्या इंद्रियांनी ऐकतो. समोरच्याचे ओठ, भुवया, हात, खांद्यावरचा स्पर्श, या सगळ्यांतून बोलणं आपल्यापर्यंत येतं. थेरपीत मात्र मुलाला फक्त कानानं ऐकायला शिकवलं जातं. बाकीच्या वाटा मुद्दाम बंद केल्या जातात. सुरुवातीच्या खोलीत आईनं तोंडापुढे धरलेला हात तो हाच. ऐकायचा सराव म्हणून दहा मिनिटं तो हात राहिला तर बिघडत नाही. पण तो दिवसभर राहिला, घरभर राहिला, शाळेत राहिला, की मुलाच्या वाट्याला येणारं जग त्या हाताच्या मापाचं होतं.

एकाच छताखालचे दोन रस्ते

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. इम्प्लांट योजना चालवणाऱ्या वांद्र्याच्या त्याच संस्थेत 2001 पासून भारतीय सांकेतिक भाषेचे वर्ग सुरू झाले होते. त्याआधी 1970 च्या दशकाअखेरपासून मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि त्यांचे सहकारी दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळूर इथल्या खुणा गोळा करून कोश तयार करत होते. पुढे उल्रिके झेशान यांनी या भाषेचं व्याकरण मांडलं. 2015 मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं, त्याचा कोश 2021 पर्यंत दहा हजार शब्दांचा झाला. 2016 च्या अपंग हक्क कायद्यानं संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषा घातली आणि 2020 च्या शैक्षणिक धोरणानंही तिची दखल घेतली. म्हणजे यंत्र आणि भाषा, दोन्ही आपल्याकडे आहेत. ज्या घरात बेरा या ऐकण्याच्या तपासणीचा कागद हातात घेऊन आई-बाप सुन्न बसलेले असतात, तिथं मात्र पहिल्या दिवशी पोहोचतं ते यंत्राचं माहितीपत्रक. बहुतेक बधिर मुलं ऐकू येणाऱ्या आई-वडिलांच्या पोटी जन्मतात. त्या आई-वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा भेटलेला बधिर माणूस म्हणजे त्यांचं स्वतःचं मूल. पोटच्या मुलाआधी त्यांना एखादी शिकलेली, नोकरी करणारी, संसार करणारी बधिर स्त्री भेटली असती तर त्यांचा निर्णय कदाचित तोच राहिला असता, पण त्यामागची भीती निघून गेली असती.

2011 च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या 50 लाखांहून अधिक नोंदली गेली. वर्षाला काहीशे इम्प्लांटांनी हा प्रश्न सुटत नाही, हे साधं गणित आहे. भाषा मात्र प्रत्येकाला देता येते, आणि तिला बॅटरी लागत नाही.

पुढच्या प्रबंधांना काम भरपूर आहे. पहिल्या सरकारी तुकड्यांत इम्प्लांट झालेली मुलं आता वयात येत आहेत. मशीन लावायचं की नाही हे ती स्वतः ठरवू लागतील, त्यांचं म्हणणं त्यांच्याच भाषेत नोंदवायला हवं. "काल" आणि "काळ" यांतला फरक मराठी घरातलं मूल मशीनमधून कसा पकडतं, ऊसतोडीला सहा महिने बाहेर असणाऱ्या कुटुंबातलं मूल मॅपिंगला कसं पोहोचतं, मुलाच्या आणि मुलीच्या मशीनवर घरातला खर्च सारखाच होतो का, हे प्रश्न पुण्या-मुंबईच्या, नागपूर-कोल्हापूरच्या विद्यापीठांनी हाती घेण्यासारखे आहेत. आणि ते विचारणाऱ्यांत बधिर संशोधक असायला हवेत. कुस्टर्स आणि फ्रीडनर यांना जे दिसलं ते दिसायला तशीच नजर लागते.

हे सगळं वाचून माझं मत पक्कं झालं आहे. इम्प्लांट करावं की नाही, हे ज्याच्या त्याच्या घरानं ठरवावं. पण यंत्राची वाट पाहताना, त्याची सवय होताना, ते बिघडलेलं असताना आणि रात्री काढून ठेवलेलं असतानाही मुलाजवळ एक पूर्ण भाषा असलीच पाहिजे. दोन भाषांनी मुलाचा गोंधळ होतो, ही भीती कोकणी-मराठी किंवा कानडी-मराठी बोलत वाढलेल्या आपल्या लोकांना तरी वाटायला नको.

त्या सतरंजीवरच्या मुलीला "स" कदाचित पुढच्या मॅपिंगनंतर ऐकू येईल, कदाचित आणखी दोन महिन्यांनी. आईनं सराव जरूर करून घ्यावा. सराव झाला की मात्र तिनं तो हात खाली घ्यावा आणि त्याच हातानं मुलीशी बोलावं. "स" आज ऐकू आला नाही, तरी दुधात साखर तिला आजच मागता आली पाहिजे.